सहा भागांचे साडेचार

तीन भाग वाळू, एक भाग सिमेंट, एक भाग चुना, एक भाग फायर क्ले. अंगणात पिझ्झाची ओतीव भट्टी बांधणाऱ्या हौशी मंडळींना हे प्रमाण तोंडपाठ असतं. ऑस्ट्रेलियातलं परस असो, कॅलिफोर्नियातलं आवार असो की इंग्लंडातल्या घरामागची चिंचोळी जागा, सगळीकडे हाच मंत्र आणि त्याचं लाडकं नाव ‘होमब्रू’. बेरीज सहा. पण हे सहा भाग पाणी घालून कालवले आणि साच्यावर थापले की हातात उरतात साधारण साडेचार. दीड भाग कुणी चोरत नाही. चुना, सिमेंट आणि मातीची बारीक भुकटी वाळूच्या कणांमधल्या पोकळीत जाऊन बसते आणि मधली हवा निघून जाते, एवढंच.

हा दीड भाग हिशेबात न धरल्यामुळे जगात किती घुमट शेंड्याशी येऊन अडले असतील, याची मोजदाद नाही. प्रकार मात्र नेहमीचा. माल बुडापासून वर थापत नेलेला, दुपार कलंडलेली, साच्याचं टक्कल अजून उघडं आणि पिंपातला चुना संपलेला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडेपर्यंत खालचा माल आवळलेला असतो. त्यावर ताजा माल चढवला तर तो नुसता टेकतो, एकजीव होत नाही. भट्टी पेटली की पहिली भेग त्याच सांध्यातून जाते.

प्रमाण सांगणारे उदंड आहेत, पण एकूण किती लागेल हे सांगायची वेळ आली की बहुतेकांचं अंदाजपंचे दाहोदरसे चालतं. ‘दोन गोणी आणून ठेवा, कमी पडलं तर बघू’ हा सल्ला गवंडीकामात एक वेळ खपतो, कारण भिंतीचा उरलेला भाग उद्या बांधता येतो. घुमटाला ती सवलत नाही. भट्टीची कृती सांगणाऱ्याने प्रमाणासोबत घनफळाचा हिशेब द्यायलाच हवा. तो दिला नसेल तर ती कृती अर्धवट समजावी. आणि हा हिशेब काही अवघड नाही. महाराष्ट्रातल्या दहावीच्या भूमितीत ‘महत्त्वमापन’ नावाचं शेवटचं प्रकरण असतं. परीक्षेनंतर ज्याचा कुणाला कधी उपयोग झाला नाही अशी त्याची ख्याती. भट्टीच्या घुमटाला नेमकं तेच लागतं.

मुळात ही भट्टी जुनीच. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत घुमटाकार भट्ट्यांच्या बेकऱ्या सापडल्या. त्यांतल्या एका बेकरीच्या भट्टीतून १८६२ मध्ये कोळसा झालेले ८१ पाव निघाले. शेजारच्या नेपल्सने ती परंपरा पिझ्झासाठी चालवली. युरोपीय संघाने २०१० मध्ये नेपल्सच्या पिझ्झाची पद्धत नोंदवली, तिच्यात ४८५ अंश सेल्सियसच्या आसपासची फरशी आणि ६० ते ९० सेकंदांत भाजून निघणारा पिझ्झा सांगितला आहे. २०१७ मध्ये तिथल्या पिझ्झा करणाऱ्या कारागिरांच्या कलेला युनेस्कोच्या वारसायादीत जागा मिळाली. नेपल्सचे भट्टीकार घुमट विटांनी बांधतात, आणि ते हात तयार व्हायला वर्षं जातात. इंग्रजी बोलणाऱ्या जगात घरगुती भट्टीचं वेड पसरवण्यात मूळच्या ऑस्ट्रेलियन, पण कॅलिफोर्नियात स्थिरावलेल्या ॲलन स्कॉट या लोहाराचा मोठा वाटा. डॅनियल विंग यांच्यासोबतचं त्यांचं ‘द ब्रेड बिल्डर्स’ हे पुस्तक १९९९ मध्ये आलं. त्यांच्या भट्ट्याही विटांच्याच. विटा कापण्याचं कौशल्य नसलेल्यांनी मग ओतीव घुमटाचा रस्ता धरला. ओल्या वाळूचा ढीग रचायचा, त्याला घुमटाचा आकार द्यायचा, त्यावर वर्तमानपत्र चिकटवायचं आणि वरून माल थापायचा. माल पक्का झाला की दारातून हात घालून वाळू उकरून काढायची.

या वाळूच्या ढिगापासूनच हिशेब सुरू होतो. घरगुती वापराला बरं पडणारं माप घेऊ या: आतला व्यास ८० सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या ४०, आणि घुमट पूर्ण अर्धगोल. साच्याच्या वाळूचं घनफळ निघतं १३४ लिटर. भट्टीत कायमचा राहणारा माल याहून बराच कमी असतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. म्हणून जाणते लोक ढिगाच्या पोटात उलट्या बादल्या आणि विटांचे तुकडे भरतात आणि वरच्या थरापुरतीच वाळू वापरतात. उकरतानाही ते सोपं जातं.

आता घुमटाची जाडी साडेसात सेंटिमीटर, म्हणजे तीन इंच धरू. इथे सगळ्यात जास्त घसरगुंडी होते. आतल्या अर्धगोलाचं क्षेत्रफळ काढायचं आणि त्याला जाडीने गुणायचं, असं बहुतेकांच्या मनात येतं. तसं केलं तर उत्तर ७५ लिटर येतं. ते चूक आहे, कारण घुमट आतून लहान आणि बाहेरून मोठा असतो. बाहेरच्या पृष्ठभागाला जास्त माल लागतो आणि तो या हिशेबात धरलेलाच नाही. बरोबर रीत अशी: बाहेरच्या त्रिज्येचा घन घ्यायचा, त्यातून आतल्या त्रिज्येचा घन वजा करायचा, आणि बाकीला पायच्या दोन तृतीयांशाने, म्हणजे २.०९४ ने गुणायचं. बाहेरची त्रिज्या ४७.५, तिचा घन १,०७,१७२. आतल्या ४० चा घन ६४,०००. वजाबाकी ४३,१७२. गुणाकार साधारण ९०,४०० घन सेंटिमीटर, म्हणजे ९० लिटर. पहिल्या उत्तरापेक्षा १५ लिटर जास्त. असा माल घट्ट बसल्यावर लिटरला दोन किलोच्या आसपास भरतो. म्हणजे चुकीच्या हिशेबाने निघालेला माणूस शेंड्याशी ३० किलो माल कमी घेऊन उभा असतो.

घन करायचा कंटाळा असेल त्याच्यासाठी एक पळवाट आहे. जाडीच्या बरोबर मध्यावरची त्रिज्या घ्यायची, इथे ४३.७५. तिच्यावरच्या अर्धगोलाचं क्षेत्रफळ काढून जाडीने गुणलं की उत्तर पुन्हा ९० लिटरच. घुमट अर्धगोलाहून बसका असेल, किंवा त्याच्या बुडाशी सरळ भिंत असेल, तरी ही मध्यरेषेची युक्ती कामाला येते. भिंतीचा भाग वेगळा काढायचा, घुमटाचा वेगळा, आणि बेरीज करायची.

दाराचा भाग यातून वजा होतो. दाराची उंची घुमटाच्या आतल्या उंचीच्या ६३ टक्के ठेवावी असा भट्टीकारांचा जुना ठोकताळा आहे. त्याहून उंच दार उष्णता बाहेर सोडतं, त्याहून बुटकं दार धूर आत कोंडतं. ४० सेंटिमीटर उंचीला २५ सेंटिमीटरचं दार आलं. रुंदी ४० धरली तर त्या भोकाचे सुमारे साडेसात लिटर वाचतात. त्याच वेळी सांडलवंड, हातमोज्याला चिकटलेला माल आणि कुठेतरी जाड पडलेला थर यांसाठी आठ-दहा टक्के जास्त धरावे लागतात. वजा झालेलं आणि जास्तीचं जवळपास सारखंच, म्हणून ९० हाच आकडा कायम ठेवला तरी चालतं. इतका सोयीचा योगायोग बांधकामात क्वचित भेटतो.

हे ९० लिटर झाले थापलेल्या मालाचे. दुकानातून आणायचा तो कोरडा माल. या टप्प्यावर मेलबर्न किंवा मँचेस्टरचा हौशी गोंधळतो, पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही साइटवरचा सुपरवायझर गोंधळत नाही. काँक्रीटचं ओलं घनफळ गुणिले १.५४ म्हणजे कोरडं घनफळ, आणि गिलाव्याच्या किंवा विटकामाच्या मालासाठी गुणिले १.३३, हे आकडे त्याच्या डायरीच्या पहिल्या पानावर असतात. भट्टीच्या मालात खडी नाही, म्हणून १.३३ लागू. नव्वद गुणिले १.३३ म्हणजे १२० लिटर कोरडा माल. त्याचे सहा भाग केले की एकेक भाग २० लिटरचा. दहा लिटरच्या बादलीने मोजायचं तर वाळू सहा बादल्या, सिमेंट दोन, चुना दोन, फायर क्ले दोन. एकूण बारा बादल्या ओतायच्या आणि नऊ बादल्यांचा घुमट उचलायचा.

तरीही १.३३ हा शेवटी दुसऱ्याच्या वाळूवरून निघालेला आकडा. बारीक वाळूची पोकळी वेगळी, भरड वाळूची वेगळी, आणि या मालात भुकटीचं प्रमाण नेहमीच्या गिलाव्यापेक्षा बरंच जास्त आहे. म्हणून खरा शहाणपणा चाचणीत. एका मगाने तीन मग वाळू, एकेक मग बाकीचे तीन जिन्नस घ्यायचे, बेताचं पाणी घालून कालवायचं, मोजपट्टी असलेल्या डब्यात ठोकून बसवायचं आणि किती मग भरले ते बघायचं. सव्वाचार भरले तर गुणक १.४१. मग नव्वद लिटरसाठी १२७ लिटर कोरडा माल लागेल. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि घरगुती भट्टीच्या सगळ्या व्यवहारात याहून स्वस्त विमा दुसरा नाही.

पाण्याचा बेत मुठीवर ठरवायचा. माल मुठीत दाबला की लाडवासारखा वळला पाहिजे, पण बोटांमधून पाणी सुटता कामा नये. गवंड्याच्या हाताला सैल मालाची सवय असते आणि ‘जरा पाणी मार’ हे त्याचं आवडतं वाक्य. घुमटावर सैल माल घसरतो. पुढे त्यातलं जास्तीचं पाणी उडून गेल्यावर तिथे भेगा राहतात.

वाळूची एक खोड वेगळी सांगायला हवी. ओलसर वाळू फुगते. पाच टक्क्यांच्या आसपास ओल असलेली बारीक वाळू कोरडीपेक्षा तीस-चाळीस टक्के जास्त जागा व्यापू शकते, कारण कणांभोवतीचा पाण्याचा पातळ पापुद्रा त्यांना एकमेकांपासून दूर ढकलतो. म्हणजे उघड्यावर पडलेल्या ढिगातून सहा बादल्या भरून घेतल्या तर प्रत्यक्षात साडेचारच बादल्यांची वाळू पदरात पडते, माल भुकटीने जड होतो आणि सुकताना आकसतो. वाळू ताडपत्रीवर पसरून खडखडीत वाळवूनच मोजावी.

आणि मोजायचं बादलीने, काट्यावर नाही. होमब्रूचं प्रमाण घनफळाचं आहे. मोकळं सिमेंट लिटरला १.४४ किलो भरतं, म्हणून दोन बादल्या सिमेंट म्हणजे जेमतेम २९ किलो, पन्नास किलोच्या गोणीच्या अर्ध्याहून थोडं जास्त. चुन्याची भुकटी मात्र लिटरला अर्धा किलोच्या आसपासच बसते, म्हणून त्याच दोन बादल्या दहा-बारा किलोंच्या. कुणी ‘एक भाग’ म्हणजे सारखं वजन असं समजून २९ किलो चुना ओतला, तर मालात चुना अडीच पट होतो. असा घुमट दिसायला पांढराशुभ्र आणि ताकदीला यथातथाच.

चुन्याबद्दल आणखी सावध राहायला हवं. हवा तो विरवलेला चुना, बारीक कोरड्या भुकटीचा. कळीचा चुना घातला तर तो घुमटाच्या आतच विरू लागेल, तापेल, फुगेल आणि माल फोडेल. मैदान आखायला मिळणारी फक्कीही टाळावी, कारण तिच्यात नुसती चुनखडीची भुकटी असू शकते आणि तिला बांधून ठेवण्याचा गुण नसतो. चुना आणि सिमेंट दोन्ही ओले झाले की कातडी जाळतात. रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि कोरडं कालवताना तोंडाला चांगला मास्क हवाच. साध्या रुमालाने सिलिकाची धूळ अडत नाही.

मग हा माल आगीत टिकतो तरी का? हौशी मंडळींमध्ये एक गोष्ट सांगितली जाते: सिमेंट सुरुवातीला घुमट उभा ठेवतं, मग जळून जातं, आणि पुढे चुना व माती भाजून वीट होते. गोष्ट अर्धी खरी आहे. १८२४ मध्ये जोसेफ ॲस्पडिनने पेटंट घेतलेलं पोर्टलँड सिमेंट तीनशे अंशांच्या पुढे ताकद गमावू लागतं. साडेचारशेच्या आसपास त्यातलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाणी सोडून फुटतं. मात्र फायर क्ले खऱ्या अर्थाने भाजून निघायला हजार अंशांच्या घरातलं तापमान लागतं, आणि पिझ्झाच्या भट्टीत ते येत नाही. म्हणजे ‘माती भाजून वीट होते’ हा भाग बराचसा श्रद्धेचा. होमब्रू टिकतो तो दुसऱ्याच कारणाने. ज्वाळा घुमटाच्या आतल्या पृष्ठभागाला चाटतात, पण दोन-तीन सेंटिमीटर आत तापमान बरंच उतरलेलं असतं. आतली कातडी दुबळी होते, मागचा भाग घुमट तोलून धरतो. शिवाय घुमटाचा आकारच असा की माल बहुतेक ठिकाणी दाबाखाली राहतो, ताणाखाली नाही.

कोकणात आणि घाटमाथ्यावर यात एक वाढीव अडचण आहे. साडेचारशेच्या वर तापलेलं सिमेंट थंड झाल्यावर हवेतली ओल पुन्हा शोषून फुगतं. जूनपासून चार महिने न पेटवलेली, उघड्यावर भिजणारी भट्टी आतून खिळखिळी होत जाते. घुमटावर छप्पर हवं ते शोभेसाठी नाही. महाराष्ट्राला एक गोष्ट मात्र आयती मिळाली आहे. नदीच्या वाळूत क्वार्ट्झ भरपूर, आणि क्वार्ट्झचा स्फटिक ५७३ अंशांना आपली रचना बदलतो आणि एकदम फुगतो. सह्याद्रीच्या काळ्या दगडाची क्रश सँड बेसाल्टची असते, तिच्यात मोकळा क्वार्ट्झ जवळपास नसतो. आगीत बेसाल्टचं काँक्रीट क्वार्ट्झच्या खडीवाळूच्या काँक्रीटपेक्षा जास्त तग धरतं, हे बांधकामशास्त्राला ठाऊक आहे. फक्त क्रश सँडमधली दगडाची पूड धुऊन घालवावी लागते, नाहीतर ती पाणी पीत राहते. परदेशी कृतीतली ‘पांढरी वाळू’ शोधत दुकानं पालथी घालण्यापेक्षा खाणीवरची धुतलेली क्रश सँड बरी.

आठवड्यातून एकदा भट्टी पेटवणाऱ्या घराला होमब्रू पुरेसा आहे. रोज दुपारी-रात्री पेटणाऱ्या हॉटेलाने त्याच्या वाटेला जाऊ नये. तिथे तयार रिफ्रॅक्टरी कास्टेबल हवं, म्हणजे ॲल्युमिनायुक्त सिमेंट आणि भाजलेल्या मातीचा चुरा. हे सिमेंट फ्रान्सच्या लाफार्ज कंपनीसाठी ज्यूल बिएद यांनी शोधलं, पेटंट १९०८ चं. याचा हिशेब अगदी वेगळा. कास्टेबलच्या माहितीपत्रकावर एक घनमीटर घुमटाला किती किलो कोरडा माल लागेल ते छापलेलं असतं. दाट प्रकाराला २,१०० किलो धरले तर ९० लिटरला १८९ किलो, म्हणजे पंचवीस किलोच्या आठ गोण्या. इथे १.३३ चा गुणक लावायचा नाही, कारण तो छापील आकड्यात आधीच आलेला असतो. तो दुसऱ्यांदा लावणारे महागड्या मालाच्या दोन-तीन गोण्या उगाच विकत घेतात. आणि गोणी कमी पडली म्हणून त्यात साधं सिमेंट किंवा चुना मिसळण्याची काटकसर तर मुळीच नको. या दोघांची गाठ पडली की माल घमेल्यातच काही मिनिटांत आवळून बसतो.

जाडीबद्दल बोलायचं तर इथे आपल्या बांधकामाच्या सवयी आड येतात. ‘चार इंच करून टाका, मजबूत होईल’ हे वाक्य प्रत्येक मिस्त्रीच्या तोंडी असतं. आकडे बघा. याच ८० सेंटिमीटरच्या भट्टीला ५ सेंटिमीटर जाडीसाठी ५७ लिटर माल लागतो, साडेसातला ९० आणि दहाला १२८. साडेसातवरून दहावर जाताना जाडी एक तृतीयांशाने वाढली, माल मात्र ४१ टक्क्यांनी. आणि तो सगळा माल दर वेळी तापवावा लागतो. नव्वद लिटरचा, म्हणजे १८० किलोंचा घुमट सरासरी तीनशे अंशांनी तापवायला ठोकळ हिशेबाने ४९ मेगाज्यूल लागतात. ही सुक्या लाकडाच्या तीन किलोंहून थोडी जास्त उष्णता झाली. दहा सेंटिमीटरला ती साडेचार किलोंवर जाते. हेही लाकडाची सगळी उष्णता घुमटात शिरली असं मानून. प्रत्यक्षात बरीचशी धुराड्यातून निघून जाते, म्हणून लाकूड याच्या कितीतरी पट जळतं. रात्रभर पाव भाजायचे असतील तर जाड घुमट साठवलेली उष्णता परत देतो. संध्याकाळी चार पिझ्झे खाऊन झोपणाऱ्याला तो नुसता तिष्ठत ठेवतो. जाडी ठरवताना खाणाऱ्यांची संख्या आणि दिनक्रम विचारात घ्यावा, मजबुतीची हौस बाजूला ठेवावी.

व्यास वाढवतानाही हाच फटका बसतो. ८० चा व्यास १०० केला, जाडी तीच ठेवली, तरी माल ९० लिटरवरून १३६ वर जातो. ‘जरा मोठीच करू’ ही दीडपट खरेदी असते.

माल एका दमात थापायचा, तर किती हात लागतील याचाही हिशेब करावा. साध्या सिमेंटला भारतीय मानकानुसार आवळायला सुरुवात होण्याआधी किमान अर्धा तास मिळायला हवा. प्रत्यक्षात थोडा जास्त मिळतो, पण मे महिन्याच्या उन्हात तो झरझर कमी होतो. नव्वद लिटर एकदम कालवणं म्हणजे निम्मा माल वाया घालवणं. दहा-पंधरा लिटरचा घाणा, एक माणूस कालवायला, दोघे थापायला, आणि सकाळी लवकर सुरुवात. माणसं नसतील तर घुमट आधीच तीन-चार फाकांत विभागून ओतावा. कारखान्यात तयार होणारे घुमटही तसेच येतात. मुद्दाम ठेवलेला सरळ सांधा तापला की मोकळा श्वास घेतो. माल संपला म्हणून पडलेला वेडावाकडा सांधा कुठे फुटेल याचा नेम नसतो.

मालात एक चिमूटभर वस्तू आणखी लागते, आणि कृती सांगताना तीच हमखास विसरली जाते: पॉलिप्रॉपिलीनचे बारीक तंतू. घनमीटरला एक ते दोन किलो, म्हणजे आपल्या घुमटाला ९० ते १८० ग्रॅम. १६० अंशांच्या थोडं पुढे ते वितळतात आणि मालात केसांसारख्या वाटा सोडून जातात. त्या वाटांनी वाफ बाहेर पडते. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सतराशे पट जागा मागते. ती कोंडली तर काय होतं, हे १८ नोव्हेंबर १९९६ च्या आगीत इंग्लंड-फ्रान्स दरम्यानच्या चॅनल बोगद्याने दाखवलं. ट्रक वाहून नेणारी गाडी पेटली आणि बोगद्याच्या काँक्रीटच्या अस्तराचे थर सटासट उडत गेले. त्यानंतरच्या काळात बोगद्यांच्या काँक्रीटमध्ये असे तंतू घालणं रुळलं. अंगणातल्या भट्टीत स्फोट होणार नाही कदाचित, पण आतून टवके पिझ्झावर पडतील.

तंतू घातले म्हणून घाई करता येत नाही. घुमट आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली आणि प्लास्टिकखाली ठेवावा, मग काही दिवस सावलीत सुकू द्यावा. पहिला जाळ दीडशे अंशांच्या आसपासचा, काटक्यांचा, काही तास. पुढे रोज पंचवीस-तीस अंश वाढवत न्यायचं. शेजाऱ्यांना आमंत्रणं देऊन मग भट्टी बांधायला घेणारे याच टप्प्यावर घुमट फोडतात.

बाहेरच्या पांघरुणाचं घनफळ बहुतेकांच्या यादीत नसतंच. घुमटावर व्हर्मिक्युलाइट आणि सिमेंटचा, दहास एक प्रमाणाचा, पाच सेंटिमीटरचा थर द्यायचा तर त्याला ७९ लिटर लागतात. घुमट स्वतः ९० चा आणि त्याची शाल ७९ ची. वजनाला ती हलकी, चाळीसेक किलोंची. शाल नसेल तर उष्णता बाहेर वाहत राहते, आणि ती कमतरता लाकडाने भरून काढावी लागते. फरशीला २३० बाय ११५ मिलिमीटरच्या फायरब्रिक आडव्या घातल्या तर कागदावर १९ पुरतात. गोलाईला कापाकापी होते, म्हणून २५ आणाव्यात. या विटा इथे कोळशाच्या आणि धातूच्या भट्ट्यांसाठी आधीपासूनच मिळतात, त्यासाठी इटलीकडे डोळे लावण्याचं कारण नाही.

या साऱ्यात व्यवसाय करू पाहणाऱ्यांनी एक बातमी विसरू नये. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या व तत्सम खाद्यगृहांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. मुंबईत पिझ्झेरिया काढणाऱ्याने घुमटाचं माप काढण्याआधी बर्नर कुठून येणार ते ठरवावं, कारण त्याची जागा घुमटात आणि फरशीत आधीच सोडावी लागते.

घरगुती हौशीला शहरात अडवते ती गच्ची. घुमट १८० किलो, फरशीच्या विटा साधारण ७५, शाल ४०. त्याखाली १२० सेंटिमीटर चौरस आणि दहा सेंटिमीटर जाड काँक्रीटची लादी धरली तर तिचे ३४५ किलो. बेरीज ६४० किलो, खालचे विटांचे पाये सोडून. दर चौरस मीटरला साडेचारशेच्या जवळपास. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीडशे किलोंचा भार धरलेला आहे. काँक्रीटच्या लादीऐवजी लोखंडी घोडा आणि त्यावर कॅल्शियम सिलिकेटचा बोर्ड घेतला, घुमट पाच सेंटिमीटरचा केला, तर एकूण वजन अडीचशे किलोंच्या आसपास आणता येतं. तरी चौरस मीटरला ते दीडशेच्या वरच राहतं. मग भट्टीचे पाय कुठल्या तुळईवर यावेत आणि मुळात यावेत का, हे गवंड्याला नाही, इमारतीच्या आरसीसी कन्सल्टंटला विचारायचं, तेही वाळूची ऑर्डर देण्याआधी.